पालेभाजीतील फ्लॅव्होनॉइड : दावा किती, पुरावा किती

नाशिकच्या बाजार समितीत संध्याकाळी पालेभाज्यांचे लिलाव सुरू झाले की मेथी, शेपू, कोथिंबीर आणि कांद्याची पात यांचे भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर, पुकारले जातात. जुडी केवढी बांधली आहे, पाने पावसाने मारली आहेत का, कोथिंबीर गावठी आहे की चायना, यावर बोली चढते किंवा कोसळते, आणि आवक वाढलेल्या दिवशी शेतकऱ्याच्या हाती गाडीभाड्यापुरतेही पैसे पडत नाहीत. याच शहरातील औषधांच्या दुकानांत मात्र शेवग्याच्या पाल्याची भुकटी, हिरव्या पानांच्या अर्काच्या पुड्या आणि क्वेर्सेटिनच्या कॅप्सूल शेकडो रुपयांना विकल्या जातात आणि त्यांच्या वेष्टनावर ‘फ्लॅव्होनॉइडयुक्त’ हा शब्द ठळकपणे छापलेला असतो. मोबाइलवर फिरणारे संदेश त्याच्याही पुढे जातात आणि हृदयविकार, मधुमेह, विस्मरण व कर्करोग या सगळ्यांवर हा एकच उतारा असल्याचे सांगून मोकळे होतात. यातील बराच भाग फुगवलेला असला तरी सगळाच खोटा नाही. खरे कुठवर आहे हे पाहायचे, तर आधी ही द्रव्ये काय आहेत आणि पोटात गेल्यावर त्यांचे काय होते हे समजून घ्यावे लागते.

फ्लॅव्होनॉइड म्हणजे नेमके काय

वनस्पती वाढीसाठी लागणारी साखर, प्रथिने आणि तेले तर तयार करतातच, पण त्याखेरीज संरक्षणासाठी, रंगासाठी आणि इतर सजीवांशी व्यवहार करण्यासाठी असंख्य रसायने बनवतात. त्यांपैकी ज्यांच्या रेणूचा सांगाडा पंधरा कार्बन अणूंचा असतो, म्हणजे दोन कडी आणि त्यांना जोडणारा तीन कार्बनचा दुवा अशी ज्यांची रचना असते, त्यांना फ्लॅव्होनॉइड म्हणतात. अशी ६,००० हून अधिक द्रव्ये आजवर ओळखली गेली आहेत. चहा आणि कोको यांतील कॅटेचिन, जांभळाला आणि काळ्या द्राक्षाला रंग देणारे अँथोसायनिन, संत्र्या-मोसंबीतील हेस्पेरिडिन ही सगळी याच कुळातली. पालेभाजीचा विचार करताना मात्र यांतील दोनच नावे लक्षात ठेवली तरी पुरे : क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल.

ही जीवनसत्त्वे नव्हेत. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९३६ साली लिंबू आणि लाल मिरची यांच्या अर्कातील फ्लॅव्होनॉइडांना ‘जीवनसत्त्व पी’ असे नाव सुचवले होते, कारण या द्रव्यांमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा ठिसूळपणा कमी होतो असे त्यांना दिसले होते. सेंट-जॉर्जी हे काही सामान्य संशोधक नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यात जीवनसत्त्व सी वरील कामाचा मोठा वाटा होता. तरीही १९५० च्या सुमारास ‘जीवनसत्त्व पी’ हे नाव मागे पडले, कारण आहारात एखादे द्रव्य नसल्याने ठरावीक आजार होतो आणि ते दिल्यावर तो बरा होतो, ही जीवनसत्त्वाची कसोटी फ्लॅव्होनॉइडांना लागू पडली नाही. सी च्या अभावी हिरड्यांतून रक्त येते. क्वेर्सेटिनच्या अभावी होणारा असा कोणताही आजार नाही. म्हणूनच ‘तुमच्यात फ्लॅव्होनॉइडची कमतरता आहे’ असे कोणी सांगू लागल्यास तो विकणारा आहे असे खुशाल समजावे.

एक मोठा गैरसमज इथेच दूर करून घेतलेला बरा. लाल माठाची भाजी भातात कालवली की भात गुलाबी होतो, आणि तो रंग म्हणजेच फ्लॅव्होनॉइड असे अनेक आहारविषयक लेखांत छापून येते. प्रत्यक्षात माठाचा आणि बिटाचा लाल रंग बीटालेन या निराळ्याच गटातील द्रव्यांचा असतो, आणि ज्या वनस्पती बीटालेन बनवतात त्या अँथोसायनिन बनवत नाहीत. माठाच्या पानांत रुटिनसारखी फ्लॅव्होनॉइडे असतात हे खरे, पण ती डोळ्यांना दिसत नाहीत. रंगावरून भाजीचे गुण ओळखण्याची पद्धत सोयीची असली तरी तिच्यावर फार विसंबता येत नाही.

झाड ही द्रव्ये कोणासाठी बनवते

अर्थातच आपल्यासाठी नव्हे. उन्हातील अतिनील किरण पानाच्या पेशींना इजा करतात आणि ते शोषून घेणारा थर म्हणून पान आपल्या वरच्या पेशींत फ्लॅव्होनॉइडे साठवते. काही फ्लॅव्होनॉइडे बुरशीला अटकाव करतात, तर काही कडू-तुरट चवीमुळे किडीला पानापासून दूर ठेवतात. द्विदल पिकांच्या बाबतीत तर ही द्रव्ये निरोपाचे काम करतात. मूग, हरभरा किंवा मेथी पेरताना बियाण्याला रायझोबियम जिवाणू चोळण्याची पद्धत शेतकऱ्यांना परिचयाची आहे. हे जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. त्यांना गाठी करण्याचा इशारा मुळांतून पाझरणारी फ्लॅव्होनॉइडे देतात, आणि लसूणघासाच्या बाबतीत तो इशारा ल्युटिओलिन या फ्लॅव्होनॉइडचा असतो हे १९८६ साली दाखवले गेले.

यातून ग्राहकाच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. ज्या पानाला ऊन जास्त लागते त्यात ही द्रव्ये जास्त असतात. त्यामुळे बाहेरच्या गडद पानांत ती आतल्या फिकट पानांपेक्षा अधिक सापडतात. अतिनील किरण अडवणाऱ्या प्लॅस्टिकखाली वाढलेल्या पाल्यात ती कमी भरतात, आणि युरियाच्या जोरावर लुसलुशीत वाढलेल्या पाल्यातही त्यांचे प्रमाण घटण्याकडे कल असतो. कोबीची वरची हिरवी पाने आणि कांद्याचा बाहेरचा जाड पापुद्रा आपण सवयीने केराच्या टोपलीत टाकतो, आणि कांद्याच्या बाबतीत तर क्वेर्सेटिनचा मोठा साठा नेमका त्या बाहेरच्या पापुद्र्यांतच असतो. वाळलेली साल काढावीच लागते. पण तिच्याबरोबर एक अख्खा रसरशीत पदर सोलून फेकण्याची घाई करू नये.

आपल्या ताटात किती येते

अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांतील फ्लॅव्होनॉइडांचे जे तक्ते तयार केले आहेत, त्यांत ताज्या शेपूत दर १०० ग्रॅममागे सुमारे ५५ मिलिग्रॅम आणि कोथिंबिरीत सुमारे ५३ मिलिग्रॅम क्वेर्सेटिन नोंदवलेले आहे. कच्च्या कांद्यात ते २० च्या आसपास आणि पालकात जेमतेम ४ आहे. पालकाची जगभर एवढी ख्याती असताना आपला शेपू, ज्याच्या वासाने घरातली निम्मी माणसे नाक मुरडतात, या बाबतीत त्याच्या कितीतरी पुढे आहे. शेवग्याचा पालाही क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल यांनी समृद्ध असतो, आणि मेथीच्या पानांत या दोन्हींची संयुगे आढळतात.

मात्र असे तक्ते वाचताना एक पथ्य पाळावे लागते. आमटीवर भुरभुरलेली कोथिंबीर पाच ग्रॅमदेखील भरत नाही, म्हणजे तिच्यातून दोन-तीन मिलिग्रॅमच क्वेर्सेटिन पोटात जाते, तर भाकरीबरोबर फोडलेला एक मध्यम कांदा एकटा वीस मिलिग्रॅम देऊन जातो. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातील माणसाच्या आहारात क्वेर्सेटिनचा मुख्य स्रोत कांदाच असणार, हे त्यामुळे उघड आहे. शिवाय कांद्यातील क्वेर्सेटिन ग्लुकोजला जोडलेले असल्याने ते लहान आतड्यात चांगले शोषले जाते. चहा किंवा सफरचंद यांतील क्वेर्सेटिनचा मोठा भाग निराळ्या शर्करेला जोडलेला असतो आणि तो मोठ्या आतड्यातील जिवाणूंनी सोडवेपर्यंत वाट पाहावी लागते.

फ्लॅव्होनॉइड दिवसाला इतके हवे असा दंडक आपल्याकडे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत रोज किमान ५०० ग्रॅम भाज्या आणि फळे खाण्यास सांगितले आहे, आणि माझ्या मते सामान्य माणसाने लक्षात ठेवावा असा आकडा तोच आहे. पावसाळ्यात पेठ, सुरगाणा आणि हरसूलकडून रानभाज्या शहरात येतात, तेव्हा हे प्रमाण गाठणे तर सोपेच होते.

‘अँटिऑक्सिडंट’ ही गोष्ट मागे का पडली

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी फ्लॅव्होनॉइडांचे महत्त्व सांगण्याची एक ठरलेली रीत होती. शरीरात प्राणवायूच्या वापरातून काही अस्थिर, आक्रमक रेणू तयार होतात, ते पेशींना इजा करतात आणि अँटिऑक्सिडंट द्रव्ये त्यांना निष्प्रभ करतात. फ्लॅव्होनॉइडे परीक्षानळीत हे काम उत्तम करतात, म्हणून ती आरोग्याला हितकर, असा तो युक्तिवाद होता. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची यादीच प्रसिद्ध केली होती. परंतु परीक्षानळीतील आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध लावता येत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, हे कारण देऊन २०१२ साली त्या खात्याने ती यादी मागे घेतली. वेष्टनांवरून तो शब्द अजून गेलेला नाही.

परीक्षानळीतील निष्कर्ष शरीरात का टिकत नाही, याचे उत्तर पचनात आहे. खाल्लेल्या फ्लॅव्होनॉइडांपैकी थोडाच भाग रक्तात पोहोचतो. जो पोहोचतो त्याला आतड्याची भिंत आणि यकृत परके द्रव्य समजून लगेच इतर रेणू जोडतात आणि लघवीवाटे बाहेर काढण्याची तयारी करतात. रक्तातील त्यांची पातळी प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या मात्रेच्या तुलनेत इतकी क्षीण असते की, शरीराच्या स्वतःच्या अँटिऑक्सिडंट साठ्यापुढे तिची थेट भर नगण्य ठरते. न शोषलेला मोठा हिस्सा मोठ्या आतड्यात उतरतो, तिथले जिवाणू त्याचे लहान आम्लांत विघटन करतात आणि ती आम्ले पुन्हा रक्तात जातात. म्हणजे आपण जे खातो आणि पेशींना जे भेटते ती दोन वेगळी द्रव्ये असतात. आणि प्रत्येकाच्या आतड्यातील जिवाणूंचा संच निराळा असल्याने एकाच भाजीचा दोन माणसांवर सारखा परिणाम होईल असेही नाही.

मग एवढ्या क्षीण मात्रेचा उपयोग काय? आज अधिक पटणारे उत्तर असे आहे की ही द्रव्ये स्वतः लढत नाहीत, तर शरीराला सावध करतात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवणार असल्याची सूचना आली की गोदाघाटावरचे टपरीवाले आपले सामान वर हलवतात. पाणी घाटावरच्या, पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागण्याची ते वाट पाहत नाहीत. त्याचप्रमाणे परक्या द्रव्याची थोडीशी चाहूल लागताच पेशी आपली संरक्षक विकरे वाढवतात आणि ती तयारी पुढे खऱ्या धोक्याच्या वेळी कामी येते. याखेरीज काही फ्लॅव्होनॉइडांमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड अधिक प्रमाणात सुटते, वाहिन्या सैलावतात आणि रक्तप्रवाह सुधारतो; हा परिणाम माणसांवर मोजता येतो आणि कोको व चहा यांच्या बाबतीत तो अनेकदा मोजला गेला आहे.

माणसांवरचा पुरावा काय सांगतो

या विषयातील एक गाजलेला अभ्यास नेदरलँड्समधील झुटफेन या गावचा आहे. तेथील ६५ ते ८४ वयाच्या ८०५ पुरुषांचा आहार नोंदवून पाच वर्षे पाठपुरावा केला गेला आणि निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. क्वेर्सेटिन, केम्फेरॉल यांसारखी मोजकीच फ्लॅव्होनॉइडे धरली तर ही माणसे दिवसाला सरासरी २६ मिलिग्रॅम घेत होती. त्यातले सुमारे ६१ टक्के चहातून आणि उरलेले बरेचसे कांदा व सफरचंद यांतून येत होते. सर्वाधिक घेणाऱ्या तिसऱ्या हिश्श्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होते. पुढे डेन्मार्कमध्ये ५६,०४८ लोकांचा २३ वर्षे पाठपुरावा झाला आणि २०१९ साली आलेल्या त्या अभ्यासातही सगळ्या प्रकारची फ्लॅव्होनॉइडे मिळून दिवसाला ५०० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण उतरत गेलेले दिसले. त्यापुढे आणखी घेतल्याने फायदा वाढत नव्हता. धूम्रपान आणि मद्यपान करणाऱ्यांत हा संबंध अधिक ठळक होता.

पालेभाजीपुरते बोलायचे तर शिकागोतील वृद्धांवरचे दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत. २०१८ सालच्या अभ्यासात ९६० जणांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या सरासरी पावणेपाच वर्षे दरवर्षी घेतल्या गेल्या. रोज एखादी वाटी पालेभाजी खाणाऱ्यांची बुद्धी ती क्वचितच खाणाऱ्यांपेक्षा इतकी सावकाश घसरली की, तो फरक वयाच्या ११ वर्षांएवढा भरला. २०२० साली त्याच प्रकल्पातील ९२१ जणांची फ्लॅव्होनॉल, म्हणजे क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल ज्यात मोडतात त्या गटाच्या दृष्टीने पाहणी झाली, तेव्हा ते सर्वाधिक घेणाऱ्यांत अल्झायमरचे प्रमाण सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी कमी आढळले, आणि केम्फेरॉलचा संबंध विशेष ठळक होता.

आकडे मोहात पाडणारे आहेत. म्हणून याच्या उलट गेलेला एक अभ्यासही सांगायला हवा, जो जाहिरातीत कधीच दिसत नाही. वेल्समधील केरफिली येथे सुमारे १,९०० पुरुषांचा असाच पाठपुरावा झाला आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फ्लॅव्होनॉल जास्त घेणाऱ्यांना हृदयविकारापासून कोणतेही संरक्षण मिळालेले दिसले नाही. तिथेही मुख्य स्रोत चहाच होता, पण दूध घातलेला. आणि जास्त चहा पिणारे कामगार वर्गातील होते व त्यांच्यात धूम्रपानही अधिक होते. द्रव्य तेच, पण ते घेणारी माणसे बदलली आणि निष्कर्षही बदलला.

पालेभाजी खाणारा मुळातच निरोगी नसतो का

ही शंका अगदी रास्त आहे आणि संशोधकांनाही ती छळते. जो माणूस रोज पालेभाजी खातो तो बहुधा सकाळी चालायला जातो, तंबाखूपासून दूर असतो आणि त्याच्या घरात भाजी निवडायला कोणाला तरी वेळ असतो. अभ्यासक हिशेबात वय, शिक्षण, वजन, धूम्रपान वजा करून पाहतात, पण सगळेच वजा करता येत नाही. दुसरी अडचण पानातच आहे. मेथीच्या जुडीत केम्फेरॉल आहे तसे फॉलेट आहे, जीवनसत्त्व के आहे, डोळ्यांना उपकारक ल्युटीन आहे, रक्तदाब उतरवण्यास मदत करणारे नायट्रेट आहे, आणि चोथा तर आहेच. शिकागोच्या २०१८ च्या अभ्यासात यांतील अनेकांचा संबंध स्मरणशक्तीशी लागला होता. श्रेय कोणाला किती द्यायचे हे अशा पाहणीतून ठरत नाही. ते ठरवायचे तर द्रव्य वेगळे काढून काहींना ते आणि काहींना तशीच दिसणारी बिनद्रव्याची गोळी द्यावी लागते.

असा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला आणि २०२२ साली त्याचे निष्कर्ष आले. २१,४४२ ज्येष्ठ नागरिकांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉलच्या (हा कॅटेचिनचा गट, वरच्या फ्लॅव्होनॉलहून वेगळा) कॅप्सूल साडेतीन वर्षांहून थोडा अधिक काळ दिल्या गेल्या. हृदयविकाराच्या एकूण घटना १० टक्क्यांनी कमी भरल्या, पण हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. हृदयविकाराने झालेले मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. मुख्य प्रश्नाचे उत्तर ‘सिद्ध झाले नाही’ आणि दुय्यम प्रश्नाचे उत्तर आशादायक, असा हा निकाल आहे. आणि या प्रयोगाला एका चॉकलेट कंपनीचेही अर्थसाहाय्य होते हे ध्यानात ठेवून तो वाचावा.

मग कॅप्सूल घेतली तर काय बिघडते

‘फायदा झाला तर झाला, तोटा तर नाही’ हे आपल्याकडचे लाडके तर्कशास्त्र आहे, आणि पोषणशास्त्राच्या इतिहासात ते एकदा फार महागात पडले आहे. गाजर आणि पालेभाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो म्हणून त्यांतील बीटा कॅरोटीन वेगळे काढून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेतील तशाच दुसऱ्या प्रयोगातही तोच प्रकार दिसू लागल्याने तो १९९६ साली मुदतीआधीच थांबवावा लागला. बीटा कॅरोटीन हे फ्लॅव्होनॉइड नव्हे, पण पानातून मिळणारे द्रव्य आणि डबीतून मिळणारे द्रव्य यांचा परिणाम एकच असेल असे गृहीत धरता येत नाही, एवढे यातून ठामपणे कळते.

फ्लॅव्होनॉइडांचा औषध म्हणून उपयोग होतच नाही असे मात्र नाही. मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरा यांवर डायोस्मिन व हेस्पेरिडिनच्या गोळ्या डॉक्टर देतात. तिथे आजार ठरलेला असतो, मात्रा आणि मुदत ठरलेली असते. निरोगी माणसाने ‘असू द्यावे’ म्हणून वर्षानुवर्षे क्वेर्सेटिन गिळणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तिचे समर्थन करणारा पुरावा माझ्या मते आज उपलब्ध नाही.

चहात एवढे असते, तर चहाच का नको

चहा हा फ्लॅव्होनॉइडांचा भरघोस स्रोत आहे यात शंका नाही. पण आपला चहा दूध घालून उकळलेला असतो. बर्लिनमध्ये १६ महिलांवर केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात कोऱ्या चहाने रक्तवाहिन्या सैलावल्या, पण दूध घातल्यावर तो परिणाम नाहीसा झाला. दुसऱ्या काही प्रयोगांत दुधाने शोषणात फरक पडलेला दिसला नाही, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. याहून पक्की आणि महत्त्वाची गोष्ट लोहाची आहे. चहातील पॉलिफेनॉल (फ्लॅव्होनॉइडे ज्यात मोडतात तो मोठा गट) भाजी, डाळ आणि भाकरी यांतील लोहाला धरून ठेवतात आणि त्याचे शोषण बरेच घटवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. अशा राज्यात जेवणाला लागून चहा घेण्याची सवय परवडणारी नाही. निदान तासाभराचे अंतर ठेवावे. उलट पालेभाजीवर लिंबू पिळले तर त्यातील सी जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते.

शिजवल्यावर काय उरते

क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल उष्णतेला बऱ्यापैकी टिकतात. ती जातात ती पाण्यात. म्हणून भाजी उकडून पाणी ओतून देण्याने जेवढे नुकसान होते तेवढे फोडणीवर परतल्याने किंवा वाफेवर शिजवल्याने होत नाही. आपली डाळ घालून केलेली पातळ भाजी या दृष्टीने उत्तम, कारण पाण्यात उतरलेले सगळे वाटीतच राहते. मुगाची डाळ घालून झाकणावर पाणी ठेवून वाफवलेला शेपूही तसाच. मेथीला मीठ चोळून, पिळून तिचा कडूपणा काढण्याची अनेक घरांत रीत आहे. त्या हिरव्या पाण्याबरोबर विरघळणारी द्रव्येही जातात, तेव्हा ते पाणी पराठ्याच्या कणकेत जिरवावे. फोडणीच्या तेलाला अकारण दोष देऊ नये, कारण ल्युटीन आणि बीटा कॅरोटीन शोषले जाण्यासाठी थोडी स्निग्धता लागतेच. रानभाज्यांचा नियम मात्र वेगळा आहे. शेवळ्यासारख्या भाजीला खाज असते आणि ती घालवण्यासाठी ती उकडणे, तिच्यात आंबट घालणे हे जाणत्या बायका सांगतात तसेच करावे. तिथे फ्लॅव्होनॉइड वाचवण्याचा विचार करू नये.

कोणी जपून खावे

हृदयाची झडप बदललेल्या किंवा रक्तात गुठळी होऊन गेलेल्या रुग्णांना वॉरफेरिन किंवा ॲसिनोकूमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे दिली जातात. पालेभाजीतील जीवनसत्त्व के त्यांच्या विरुद्ध दिशेने काम करते. अशा रुग्णांनी पालेभाजी बंद करण्याची गरज नसते. पण एक आठवडा रोज मेथी आणि पुढचा आठवडा काहीच नाही असे न करता प्रमाण सारखे ठेवावे आणि बदल करायचा असल्यास डॉक्टरांना सांगून करावा. ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे होतात त्यांनी पालक, माठ, राजगिरा आणि चाकवत यांबाबत विचारून घ्यावे. त्या मानाने मेथीत ऑक्झलेट कमी असते. इथे वरच्या सल्ल्याच्या उलट करावे लागते, कारण उकडून पाणी टाकल्याने ऑक्झलेट कमी होते आणि अशा रुग्णासाठी तेच अधिक महत्त्वाचे असते.

फ्लॅव्होनॉइड म्हणजे सर्वथा हितकारक, हा समजही सोडायला हवा. सुदानमधील गलगंडाचे प्रमाण अधिक असलेल्या भागात बाजरी हे मुख्य अन्न होते, आणि बाजरीतील काही फ्लॅव्होनॉइडे थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात असे १९८९ साली प्रयोगांतून दाखवले गेले. आयोडीनयुक्त मीठ आणि मिश्र आहार असलेल्या घराने यामुळे भाकरी सोडण्याचे काहीच कारण नाही. पण वनस्पतीने स्वतःच्या संरक्षणासाठी बनवलेले प्रत्येक द्रव्य आपल्या सोयीचे असेलच असे नाही, हे दाखवायला हे उदाहरण पुरेसे आहे.

आणि फवारणीचे काय

नाशिकमध्ये हा प्रश्न विचारला जाणारच, कारण फवारणी आणि तिचे अवशेष या जिल्ह्याला चांगले ठाऊक आहेत. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष सापडल्याने युरोपने भारतीय द्राक्षे अडवली होती, आणि तेव्हापासून शेवटची फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे हे निर्यातदार द्राक्ष बागायतदाराला तोंडपाठ असते. बुधवारच्या बाजारात येणाऱ्या प्रत्येक जुडीमागे मात्र तशी प्रयोगशाळेतील तपासणी होत नाही. तरीही भीतीने पालेभाजी सोडण्याचा व्यवहार तोट्याचाच ठरतो, कारण वर सांगितलेल्या आहाराच्या पाहण्या बहुधा बाजारातील सामान्य भाजी खाणाऱ्या माणसांवरच्याच आहेत. पानावर बसलेले अवशेष आणि माती धुण्याने बऱ्याच प्रमाणात निघतात, पानात मुरलेली आंतरप्रवाही औषधे निघत नाहीत. जुडी सोडून मुळे आणि पिवळी पाने काढावीत, पाने मोठ्या पातेल्यात बुडवून हलवावीत, खाली माती बसली की पाणी ओतून टाकण्याऐवजी पाने वरच्यावर उचलून घ्यावीत, पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा करावे आणि शेवटी नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावीत. हे सगळे चिरण्याआधी करावे, कारण चिरलेली भाजी धुतली की अवशेषांबरोबर कामाची द्रव्येही मोरीत जातात.